चमकणारा एप्रन आणि डागी दाणे

दिवा लावला आणि पारूबाई चमकली.

अंधाऱ्या खोलीत आम्ही दहा-बाराजणी दाटीवाटीनं उभ्या होतो. सगळ्यांच्या अंगावर कंपनीचे पांढरे एप्रन. दिव्याच्या जांभळट उजेडात बाकीच्यांचे एप्रन मळकट दिसत होते आणि पारूबाईचा तेवढा निळापांढरा, झगझगीत. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. तिनं मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं, दोन्ही हात छातीवर दाबले आणि "अगो बाय माझे!" असं ओरडून दार उघडून पळाली. तिच्यामागे बाकीच्या. कुणाची तरी चप्पल माझ्या पायापाशी राहिली.

घोळ असा, की दिवा लावायच्या आधी मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "बायांनो, नीट बघा. ह्या दिव्याखाली जे चमकेल ते विष. हे विष रोज पोटात गेलं तर पुढे कॅन्सर होतो." माझं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं.

तर पहिल्यापासून सांगते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी तुर्भ्याला शेंगदाणे एक्सपोर्ट करणाऱ्या एका कंपनीत केमिस्ट होते. नवी मुंबई तेव्हा नावालाच शहर. वाशीच्या सेक्टरांमध्ये माणसं राहायला आलेली, पुढे नेरूळकडे खडीचे ढीग, ट्रक आणि बोर्ड. आमच्या शेडमध्ये दाणे निवडायला आसपासच्या गावांतल्या बाया यायच्या. तुर्भे, सानपाडा, जुई. मी परभणीकडची, शेंगा फोडतच मोठी झालेली, पण ह्या बायांचा हात बघून मीही गार पडले होते. लांब टेबलावर दाणे ओतले की त्यांची बोटं नुसती पळायची. टपोरा गुलाबी दाणा परदेशी जाणाऱ्या पोत्यात. सुरकुतलेला, काळा, बुरशी लागलेला दाणा पायाशी ठेवलेल्या टोपलीत. ह्याला शेडमध्ये 'डागी' म्हणायचे.

आता बुरशी म्हणजे काही आभाळातून पडलेली गोष्ट नाही. शिळ्या भाकरीवर येते, लोणच्यावर येते. पण दाण्यावरच्या बुरशीची एक जात दाण्यात विष सोडते. अफ्लाटॉक्सिन. नाव विसरलात तरी चालेल, स्वभाव लक्षात ठेवा. त्याला वास नाही, चव नाही. दाणा भाजा, उकळा, कुटा, ते सगळं जात नाही. यकृतावर जाऊन बसतं, आणि वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. परदेशी गिऱ्हाईक ह्याला असं टरकायचं की सॅम्पल फेल झालं तर अख्खा कंटेनर माघारी.

ते विष शोधणं हे माझं काम. दाणे दळायचे, औषधात घुसळायचे, त्या अर्काचा थेंब काचेच्या प्लेटवर ठेवायचा, आणि शेवटी अंधारात अतिनील दिव्याखाली धरायचा. विष असलं की ठिपका निळा चमकतो. आम्ही चांगल्या दाण्याचं सॅम्पल तपासायचो. एकदा सहज म्हणून मी डागी दाण्याचं लावलं. प्लेटवर नुसती दिवाळी!

डागी दाणे जायचे कुठे, हे शेडमध्ये शेंबडं पोरही सांगेल. बायांच्या ओटीत. शेड सुरू झालं तेव्हापासूनचा रिवाज होता तो. सुटायच्या वेळी प्रत्येक बाई आपल्या टोपलीतले डागी दाणे ओटीत घेणार आणि घरी जाणार. दिवसभर दाण्यात हात घालायचे आणि रिकाम्या ओटीनं उंबरा ओलांडायचा, हे त्यांच्या लेखी अशुभ. घरी त्याची चटणी व्हायची, कालवणाला कूट व्हायचं, लेक बाळंतपणाला आली असली तर लाडू व्हायचे. म्हणजे आम्ही विष वेचून काढत होतो, एका टोपलीत गोळा करत होतो, आणि बाळंतिणीला खाऊ घालत होतो.

मी आधी तोंडानं सांगून पाहिलं. बाया हसल्या. पारूबाई शेडमधली सगळ्यात जुनी, जुई गावची, बाकीच्या तिच्या शब्दाबाहेर नसायच्या. ती म्हणाली, "बाय, कुचका दाना आमी काय आज खातंव? भाजला की सगलं जलून जातं."

"नाही जात, पारूबाई."

"तुमाला दिसतंय काय ते?"

"दिसतं."

"मग आमाला दाखवा."

म्हणून तो दिव्याचा खेळ. आणि खेळात पारूबाईच चमकली.

मला पाच मिनिटांत अंदाज आला. कपडे पांढरेशुभ्र करायची एक पावडर तेव्हा घरोघर येऊ लागली होती. शेवटच्या पाण्यात चिमूटभर टाकायची. कपडा उजळ दिसावा म्हणून तिच्यात जे रसायन असतं, ते ह्या दिव्याखाली निळं पेटतं. विषाशी त्याचा काडीचा संबंध नाही. बाकी सगळ्यांचे एप्रन साध्या साबणाच्या वडीनं धुतलेले, पारूबाईचा तेवढा पावडरीतला. मी हे शेडभर ओरडून सांगत होते. पण ऐकतंय कोण! बातमी जुईला पोहोचलीसुद्धा. पारूबायला कानसर झाला, मशीनमधी दिसला.

शेड रिकामं पडलं. परकार साहेब लॅबमध्ये आले. हे आमचे मॅनेजर, श्रीवर्धनकडचे. आवाज असा की वरचा पत्रा हादरावा.

"वाघमारे मॅडम, काय केलंत काय?"

"डेमो."

"डेमो? माझा कंटेनर भरायचाय! तुमच्या डेमोनं भरू?"

"साहेब, ते डागी दाणे..."

"दाणे गेले खड्ड्यात. आधी बाया आणा परत."

"आणते. जीप द्या. आणि हातात धरायचा दिवा नेते."

"अजून दिवा? एकदा लावलात तेवढा बस नाय झाला?"

पण जीप दिली. मी बसले तेव्हा खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "पारूबाईंना सांगा, घाबरू नका म्हणावं. आणि खरंच काही असलं तर मला सांगा. लपवू नका." माणूस तोंडाचा फटकळ, मनाचा बरा.

पारूबाईच्या दारात ही गर्दी. एप्रन कुंपणावर लटकत होता, कुणी हात लावायला तयार नाही. आत पारूबाई भरदुपारी गोधडी डोक्यावरून घेऊन पडलेली. तिची लेक सुमन, नववीतली, कोपऱ्यात डोळे सुजवून बसलेली. नवरा मिठागरावर कामाला गेलेला, त्याच्यापर्यंत अजून काही गेलं नव्हतं.

"सुमन," मी म्हटलं, "हा एप्रन कुणी धुतला गं?"

"मी, मॅडम."

"कशात?"

"माझ्या शाळेच्या ड्रेसबरोबर. मैत्रिणीनं पावडर दिलेली..."

"आण ती. आणि तुझा ड्रेसपण आण."

खिडकीला पोतं लावलं. दार ओढलं. आत मावतील तेवढ्या बाया घेतल्या. वीज होती, देवाची कृपा. मी दिवा लावला आणि सुमनच्या शाळेच्या पांढऱ्या ब्लाऊजवर धरला. तो पेटलाच. सुमननं किंकाळी फोडली. "थांब गं बाई," म्हणून मी माझा रुमाल धरला. काहीच नाही, मळका जांभळा. मग तोच रुमाल पावडरीच्या पाण्यात बुचकळला, पिळला आणि परत धरला.

रुमाल झगमगला.

"बघा," मी म्हटलं, "आता माझ्या रुमालाला कॅन्सर झाला."

मग एक म्हातारी मागून म्हणाली, "मेली पावडर ती! गाव घाबरवला." आणि मग जो हशा पिकला! बायांनी पदर, ओढण्या, पोरांच्या चड्ड्या सगळं दिव्याखाली घालून बघितलं. सुमन हसत होती आणि रडतही होती. मला वाटलं, सुटलो.

पारूबाई हसली नव्हती. उठून बसली होती, एवढंच. बाया पांगल्यावर ती म्हणाली, "सुमन, बायला च्या टाक. आनि दार लोटून घे."

दार लागलं. पारूबाईनं माझा हात धरला आणि चोळीवरून डाव्या छातीवर ठेवला. "पावडरीचं कललं मना, बाय. पन ही कसली?"

बोराएवढी गाठ होती. घट्ट.

"कधीपासून आहे?"

"गनपतीच्या आधीपासनं."

"कुणाला सांगितलंत?"

"कोनाला सांगू? नवरा गप ऱ्हा म्हनंल. डाक्तर बाप्या मानूस. आनि गावात कललं तं सुमनला कोन करील? कानसरवालीची पोर म्हनतील. म्हनून गप ऱ्हायले." "तुमी म्हनलाव चमकंल ते इख, आनि दिवा बरोबर हितंच चमकला. मना वाटलं, देवानंच दाखवला."

मी केमिस्ट. दाण्यातलं कळतं, गाठीतलं नाही. खोटा धीर द्यायचं जिभेवर आलं होतं, पण दिला नाही ह्याचं आजही बरं वाटतं. म्हटलं, "पारूबाई, माझ्या दिव्याला ह्यातलं काही कळत नाही. ज्यांना कळतं त्यांच्याकडे जाऊ. वाशीला डॉक्टरीणबाई आहेत."

"बाईच हाय?"

"बाईच."

"चोली काढाया लागंल?"

"लागेल. मी असेन तिथं."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "सुमनला कलाया नको."

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया कामावर. परकार साहेबांचा चेहरा उजळलेला. आणि संध्याकाळी सुटताना बघते तर काय, सगळ्यांच्या ओट्या डागी दाण्यांनी फुगलेल्या! मी आडवी गेले. "अगं, काय करताय? काल काय दाखवलं मी?"

"पावडरीचा खेल दाखवलाव ना," एकीनं सांगितलं. "चमक पावडरीची. मंग दान्यात कायपन नाय."

कपाळ माझं! रुमालानं पारूबाईला वाचवलं आणि दाण्यालाही निर्दोष सोडलं. आता कितीही घसा फोडला तरी काय उपयोग? दिवा एकदा खोटा ठरला की ठरला. परकार साहेब म्हणाले, "मॅडम, दमानं घ्या. पुन्हा पळाल्या तर तुम्हालाच टेबलावर बसवीन." मी विषय सोडला. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष दाण्यात नव्हतंच.

वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हात हलका होता त्यांचा. म्हणाल्या, "गाठ बोटाखाली सरकते, हे त्यातल्या त्यात बरं. पण नुसत्या बोटांवर विसंबून चालत नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जा. गाठ काढतील, सूक्ष्मदर्शकाखाली बघतील, मगच कळेल." पारूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाने खाऊन झाली काय?"

"दाण्याच्या बुरशीचं विष यकृताला धरतं. त्यानं छातीत गाठ होते असं मी तरी कुठं वाचलेलं नाही. पण यकृतही तुमचंच आहे ना?"

"त्याचं काय?"

"मग ते दाणे नका खाऊ."

गावात सांगितलं, पारूबाई पनवेलला बहिणीकडे गेलीय. परकार साहेबांना मात्र मी खरं सांगितलं. ते ऐकून ते खुर्चीत मागे टेकले, "या अल्ला" म्हणाले, आणि सुट्टीच्या अर्जाचं नावही काढलं नाही. नवऱ्याला पारूबाईनं स्वतः सांगितलं. तो गप राहा म्हणाला नाही. ऑपरेशनच्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला, मिठानं फुटलेल्या पायांनी, आणि मला म्हणाला, "मनाच सांगाया पायजे व्हतं तिनं आधी." त्याचे डोळे भरले होते.

गाठ काढली. रिपोर्टला वेळ लागणार होता. ते दिवस मला फार जड गेले. स्वतःच्या छातीलाही मी त्या दिवसांत चारदा हात लावून बघितला, कोण नाही म्हणेल? पारूबाई बाहेरून शांत. सुमनला मात्र तिनं त्या आठवड्यात भाकऱ्या, कालवण, माशाचं वाटण, सगळं भराभर शिकवायला घेतलं. का ते सुमनला कळलं नाही. मला कळलं आणि जेवण गेलं नाही.

रिपोर्ट आणायला आम्ही दोघी गेलो. सर्जन पुरुषच होते. पारूबाई म्हणाली, "आता लाज कंची!" त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला.

"कॅन्सर नाही. साधी गाठ होती."

पारूबाईला ते पटेना. "म्हंजे मी मरनार नाय?"

"मराल की कधीतरी. ह्या गाठीनं नाही." मग ते हसले. "पण लवकर आलात हे बरं केलंत. पुन्हा काही हाताला लागलं तर गणपती-बिणपती बघायचा नाही. लगेच यायचं."

बाहेर आलो आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. आजारी कोण होतं आणि रडतंय कोण! पारूबाई मला पाणी पाजत होती, पाठीवरून हात फिरवत होती. "उठा बाय, लोकं बघतान." तीही रडतच होती. मग दोघींना एकदम भूक लागली. इस्पितळाच्या दाराशी एक भय्या खारे दाणे विकत होता. एक पुडी घेतली.

पारूबाईचा हात सवयीनं पुडीत फिरला. एक काळा, कुचका दाणा बरोबर बोटात आला. तो तिनं तळहातावर घेतला आणि बघत राहिली. बोलून बोलून माझा घसा आधीच बसला होता.

"बाय," ती म्हणाली, "माझी गाठ साधी निघाली, म्हनून दाना साधा होत नाय, नाय का?"

"नाही होत."

तिनं तो दाणा गटारात फेकला.

कामावर आली त्या दिवशी तिच्या पिशवीत नीळ होती. सुटायच्या वेळी बाया ओट्या सावरायला लागल्या तशी ती उठली, बादलीत नीळ कालवली आणि स्वतःच्या डागी दाण्यांच्या टोपलीवर ओतली. मग शेजारणीच्या. शेडमध्ये गिल्ला झाला. "पारूबाय, येड लागलंय काय?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या छातीत गाठ व्हती," तिनं सांगितलं. सरळ, सगळ्यांसमोर. मी दारात उभी होते. "पावडरीची नाय, खरी. काढली. साधी निघाली. पन तवर मी काय भोगलंय ते मनाच ठावं. जो कुचका दाना डोल्यांनी दिसतंय तो मी माझ्या पोरीला चारनार नाय. तुमी चारा."

मग एकीनं स्वतःची टोपली पुढे सरकवली.

पण रिवाज राहिलाच होता. पारूबाई तशीच परकार साहेबांपुढे गेली. "साहेब, डागी आमी टाकू. पन ओटी रिकामी जानार नाय."

"मग काय, एक्सपोर्टचा दाणा देऊ?"

"फुटका द्या. चांगल्यातला फुटका."

निवडताना फुटून दोन पाकळ्या झालेला चांगला दाणा तेलवाल्याकडे जायचा. परकार साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. माझ्याकडे बघितलं. मी वर पत्र्याकडे बघितलं.

"ठीकाय. पण मूठभरच."

"मूठ कोनाची, साहेब? तुमची का माझी?"

"तुमची, तुमची! जा आता!"

तेव्हापासून बायांच्या ओटीत फुटका दाणा जायला लागला. डागीवर रोज नीळ पडायची आणि नंतर ते पिंपात जाळायचे. कंटेनर वेळेवर गेला, पास झाला, साहेबांनी शेडभर पेढे वाटले.

पेढे खाऊन झाल्यावर पारूबाई लॅबच्या अंधाऱ्या खोलीत शिरली, मागून सगळी पलटण. "लावा दिवा, बाय." मी लावला. सुमननं पुन्हा पावडरीत धुतलेला एप्रन असा काही पेटला की विचारू नका. पारूबाई मध्यभागी उभी राहून गोल फिरली. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

हसणं ओसरलं, बाया एकेक करून निघाल्या. दोघी मात्र रेंगाळल्या. एकीनं पदराशी चाळा करत विचारलं, "बाय, त्या वाशीच्या डाक्तरीनबाई कधी बसतान?" दोघींना घेऊन गेले. दोघींचंही काही निघालं नाही, देवाची कृपा.

पुढे माझ्या हाताखाली नव्या केमिस्ट मुली आल्या. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगायचे, दिव्याखाली काही चमकलं तर आधी विचारायचं, कशात धुतलंय? आणि उत्तर मिळालं म्हणून लगेच दिवा गुंडाळून निघायचं नाही. चहा होईपर्यंत बसायचं. बाईला अजून काही सांगायचं असतं.